हापशीपासून पटापर्यंत: हलणाऱ्या गोष्टींचे फोटो आणि शटर स्पीड

शटर स्पीड म्हणजे फोटो काढताना कॅमेऱ्यातल्या उजेड टिपणाऱ्या सेन्सरवर जितका वेळ उजेड पडतो तो वेळ. हे वाक्य सगळीकडे वाचायला मिळतं, पण शंकरपटाच्या, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीच्या, कडेला कॅमेरा घेऊन उभं राहिल्यावर त्याचा उपयोग होत नाही. तिथे प्रश्न पडतो तो असा: आता १/२५० सेकंद ठेवू की १/१०००? समोरची वस्तू किती जोरात चालली आहे, आपल्यापासून किती लांब आहे आणि कोणत्या दिशेनं चालली आहे, यावर उत्तर ठरतं. त्याच्याही आधी एक गोष्ट ठरवावी लागते, आणि ती कॅमेरा ठरवू शकत नाही: ही हालचाल फोटोत थांबलेली हवी की चाललेली? माझं ठाम मत आहे की बटण दाबायच्या आधी हे ठरवण्याची सवय लागली, की शटर स्पीड अर्धा शिकून झाला. आकडे मागून येतात.

हे शिकायला विदर्भातलं कोणतंही गाव पुरतं. इथे हळू चालणारी बैलगाडी आहे, हापशीची धार आहे, खळ्यावरची उपणणी आहे आणि हिवाळ्यात पट आहेत. शिवाय ऊन भरपूर आहे, आणि वेगवान शटरला तेच लागतं.

आधी कॅमेरा लावून घ्या

डायल शटर प्रायोरिटीवर न्या. निकॉन आणि सोनीवर तिथे ‘एस’ लिहिलेलं असतं, कॅननवर ‘टीव्ही’. या मोडमध्ये वेग तुम्ही द्यायचा, अ‍ॅपर्चर (लेन्समधल्या उजेड सोडणाऱ्या छिद्राचं माप) कॅमेरा जुळवतो. आयएसओ (सेन्सर उजेडाला किती दाद देतो तो आकडा) सुरुवातीला ऑटोवर राहू द्या. स्क्रीनवर ‘१०००’ दिसलं तर तो १/१००० सेकंद, ‘६०’ म्हणजे १/६०. आकड्यापुढे दोन छोट्या रेघा असतील, म्हणजे २" असं दिसलं, तर ते पूर्ण २ सेकंद. नवीन माणूस इथे हमखास गोंधळतो, म्हणून आत्ताच डायल दोन्ही टोकांपर्यंत फिरवून पाहून घ्या.

फोनवर काम करत असाल तर कॅमेऱ्यातला ‘प्रो’ मोड उघडा. सगळ्या फोनमध्ये तो नसतो, पण बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये असतो. फोनच्या कॅमेऱ्यात अ‍ॅपर्चर बहुधा एकच असतं, म्हणून उजेड सांभाळायला शटर आणि आयएसओ एवढेच दोन उपाय हातात राहतात. भर दुपारी फोन स्वतःहून इतका वेगवान शटर घेतो की जवळपास सगळंच गोठतं, आणि दिवेलागणीला इतका हळू घेतो की उड्या मारणारं पोरगं धुरकट दिसतं. फोन बिघडलेला नसतो. उजेड कमी झाला की तो जास्त वेळ घेतो, इतकंच.

वेग दुप्पट केला की उजेड निम्मा होतो, हेही आत्ताच लक्षात ठेवा. १/६० वरून १/१००० वर जाणं म्हणजे चार वेळा निम्मं करणं, म्हणजे उजेड सोळावा हिस्सा. तो भरून काढायला आयएसओ १०० वरून १६०० वर न्यावा लागतो. त्यानं फोटोत थोडे दाणे येतील. येऊ द्या. दाणेदार फोटो पाहता येतो, नको तिथे हललेला चेहरा दुरुस्त करता येत नाही.

पहिला धडा हापशीवर

बाया पाणी भरत असतील तर आधी विचारा, मगच कॅमेरा काढा. सकाळी आठ-नऊच्या उन्हात हापशीच्या बाजूला बसा आणि धार गुंडात (घागरीत) पडते ती जागा चौकटीत घ्या. मागे सावलीतली भिंत किंवा झाडाची गर्द पानं आली तर पाणी उठून दिसतं.

आता एकच चौकट ठेवून वेग बदलत जा: १/१०००, १/२५०, १/६०, १/१५, १/८. काय दिसेल ते हिशेबानंही सांगता येतं. अर्धा मीटर पडेपर्यंत पाण्याचा वेग सेकंदाला साधारण ३ मीटर होतो. १/१००० सेकंदात ते फक्त ३ मिलिमीटर सरकतं, म्हणून थेंब न् थेंब काचेसारखा सुटा दिसतो. १/६० ला ५ सेंटिमीटर सरकतं आणि थेंबांच्या रेघा होतात. १/८ ला ते ३५ सेंटिमीटरच्या वर जातं, म्हणजे जवळपास सगळं अंतर पार करतं, आणि धार एकसंध, दुधाळ दिसते. पाणी, जागा, ऊन काही बदललेलं नाही, तरी पाच वेगळे फोटो झाले. ते घरी नेऊन शेजारी शेजारी लावून बघा. शटर स्पीडवरच्या कोणत्याही व्याख्येपेक्षा हे पाच फोटो जास्त शिकवतात.

१/८ चे फोटो काढताना सगळंच हललेलं दिसलं असेल. म्हणजे हापशीचा दांडाही, खालचा ओटाही. तो पाण्याचा दोष नाही, हात हलल्याचा आहे. या दोन गोष्टी वेगळ्या ओळखायला शिका. जमीन, भिंत, खांब अशा स्थिर वस्तू स्पष्ट असून फक्त चालती वस्तू धुरकट असेल तर ती त्या वस्तूची हालचाल. सगळंच धुरकट असेल तर कॅमेरा हलला. हातात कॅमेरा धरून किती हळू जाता येईल याचा जुना ठोकताळा असा, की लेन्सची फोकल लेंग्थ (लेन्सवर लिहिलेले मिलिमीटर) जितकी, तितक्या हिश्श्यापेक्षा हळू जाऊ नये. ५० मिलिमीटरला १/५०, २०० मिलिमीटरला १/२००. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर एपीएस-सी, म्हणजे थोड्या लहान मापाचा असेल, सुरुवातीच्या बहुतेक कॅमेऱ्यांत तोच असतो, तर दीडपट धरा: २०० ला १/३००. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताचं कंपन शोषतं, समोरच्या बैलाचं पळणं नाही. ते चालू असलं की सगळं स्पष्ट येईल असं समजून पुष्कळ जण फसतात.

१/८ साठी ट्रायपॉड नसेल तर कापडी पिशवीत दोन-तीन किलो हरभरा भरा, पिशवी ओट्यावर ठेवा आणि तिच्यावर कॅमेरा बसवा. दोन सेकंदांचा टायमर लावा, म्हणजे बटण दाबतानाचा हिसकाही लागत नाही.

वेग, अंतर, दिशा

झोका हा दुसरा चांगला शिक्षक आहे. कडुलिंबाला बांधलेल्या झोक्यावर पोरगी झोके घेत असेल तर बाजूनं उभे राहा. झोका खालून एक मीटर वर चढत असेल तर सगळ्यात खालच्या जागी त्याचा वेग सेकंदाला ४ मीटरच्या वर असतो. पण दोन्ही टोकांना तो क्षणभर शून्य होतो. म्हणून टोकावर १/१२५ लाही चेहरा स्वच्छ येतो, आणि मधे १/५०० लाही कधी कधी कमी पडतं. उडी मारणारा उडीच्या माथ्यावर असाच थांबतो, चेंडू टाकणारा हात मागे गेला की थांबतो, कबड्डीतला चढाईपटू दिशा बदलताना थांबतो. उजेड कमी असेल तेव्हा हे ‘थांबे’ ओळखता येणं महाग लेन्सपेक्षा जास्त उपयोगी पडतं.

त्याच झोक्याच्या समोर जाऊन उभे राहा. आता पोरगी तुमच्याकडे येते आणि मागे जाते. चौकटीत ती आडवी सरकत नाही, फक्त लहान-मोठी होते, म्हणून बाजूनं लागणाऱ्या वेगाच्या साधारण पाव वेगातही काम भागतं. रस्त्यावरची एसटी समोरून येताना १/२५० ला स्पष्ट मिळाली तरी बाजूनं जाताना तिला १/१००० लागतो, तो याच कारणानं.

अंतराचं गणित सोपं आहे. वस्तू दुप्पट लांब गेली की चौकटीतलं तिचं सरकणं निम्मं होतं. वावराच्या पलीकडच्या धुऱ्यावरून चाललेली बैलगाडी १/६० लाही स्थिर दिसेल. पण झूम करून तिला जवळ आणलं की ती जवळच आली असं धरा. झूम दुप्पट केला, तर शटरही दुप्पट वेगवान हवा.

खळ्यावर

सोयाबीन आता थ्रेशरमधून निघतं, पण तूर, ज्वारी, थोडंफार घरचं धान्य अजून सुपानं उपणलं जातं. फोटो शिकणाऱ्यासाठी हे दृश्य फार मोलाचं आहे, कारण एकाच चौकटीत तीन वेग असतात: उभी बाई जवळपास स्थिर, दाणे जोरात खाली, आणि कुटार (भुसा) वाऱ्यावर हळू तरंगत बाजूला.

उन्हाच्या समोर तोंड करून उभे राहा, म्हणजे दाणे आणि कुटार मागून उजळतील. सूर्य मात्र चौकटीबाहेर, बाईच्या किंवा झाडाच्या आड ठेवा. उंच धरलेल्या सुपातून दीड मीटर खाली पडताना दाण्याचा वेग जमिनीजवळ सेकंदाला ५ मीटरच्या पुढे जातो. १/२००० ला दाणे हवेत टांगल्यासारखे दिसतात. काहींना ते आवडतं. मला तिथे १/२५० पटतो: दाण्याची दोनेक सेंटिमीटरची रेघ होते, कुटार मऊ दिसतं आणि बाईचा चेहरा, हात, सुपाची वीण स्वच्छ राहते. दाणा पडतो आहे हे रेघेशिवाय कळत नाही. १/६० ला रेघा बोटापेक्षा लांब होतात आणि हातही धुरकटू लागतो. हे पसंतीवर आहे, पण पसंत करण्यासाठी आधी तिन्ही काढून बघावे लागतात.

मागून ऊन असलं की कॅमेरा चेहरा काळा करतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करायची सोय) +१ वर न्या.

पट

२०१४ च्या बंदीनंतर थांबलेले शंकरपट डिसेंबर २०२१ मधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर पुन्हा भरू लागले, आणि तळेगाव दशासरसारख्या जुन्या पटांच्या गावी पुन्हा गर्दी होऊ लागली. नवशिक्यानं पहिल्या दिवशी कठड्याच्या मागे, प्रेक्षकांच्या बाजूलाच राहावं. सुटलेली जोडी सरळच जाईल याची खात्री नसते, आणि डोळा व्ह्यूफाइंडरला लावला की बाजूचं काही दिसत नाही. बैलांच्या तोंडावर फ्लॅश मारू नका.

उजेडाची काळजी इथे नको. लख्ख उन्हासाठीचा जुना नियम असा: अ‍ॅपर्चर एफ १६, आयएसओ १०० आणि वेग साधारण १/१००. अ‍ॅपर्चर एफ ५.६ केलं (आकडा लहान म्हणजे छिद्र मोठं) की उजेड तीन पायऱ्या, म्हणजे तीनदा दुप्पट, वाढतो, म्हणजे तोच उजेड १/८०० ला मिळतो. आयएसओ २०० केला की १/१६००. साध्या, स्वस्त झूम लेन्सलाही एफ ५.६ जमतं. म्हणजे पट थांबवून दाखवायला लागणारं सगळं सामान तुमच्याकडे आहे.

जोडी सेकंदाला १० मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर वेगानं धावते असं धरू. तुमची चौकट ६ मीटर रुंद जागा घेते आणि कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा आहे, म्हणजे फोटो ६००० पिक्सेल रुंद. एक पिक्सेल बरोबर एक मिलिमीटर. १/१००० ला जोडी १ सेंटिमीटर सरकते, १० पिक्सेल. मोबाइलवर पाहताना ते कळणारही नाही. १/२५० ला ४० पिक्सेल, थोडं मऊ. १/६० ला १६० च्या वर, आणि जोडी ओळखू येत नाही. पाय तर अंगापेक्षाही जोरात पुढे झेपावतात, म्हणून खूर आणि उडणारी माती थांबवायची असेल तर १/२००० पर्यंत जा. फोकस कंटिन्युअसवर, म्हणजे हलत्या वस्तूच्या मागे सतत राहणारा हवा: निकॉन-सोनीवर ‘एएफ-सी’, कॅननवर ‘सर्व्हो’.

क्षणही निवडावा लागतो. पळत्या घोड्याचे चारही पाय कधी एकदम जमिनीवरून सुटतात का, हा प्रश्न एडवर्ड मायब्रिज यांनी १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात ओळीनं मांडलेल्या कॅमेऱ्यांनी सोडवला. सुटतात, पण चित्रकार दाखवत होते तसे पुढे-मागे ताणलेले असताना नाही. पोटाखाली गोळा झालेले असताना सुटतात. बैलांच्या फोटोतही हे पाहा. पाय गोळा झालेला फोटो आणि पाय पसरलेला फोटो यांत १/२००० दोन्हीकडे असला तरी जोर वेगळा दिसतो. बर्स्ट मोड (बटण दाबून धरलं की सलग फोटो) लावून आठ-दहा फोटोंची एक ओळ घ्या आणि त्यातून निवडा.

आता छकड्याच्या चाकाकडे बघा. १/२००० ला आरा न् आरा स्पष्ट येतो आणि धावता छकडा उभ्या छकड्यासारखा दिसतो. मला हा फोटो अपुरा वाटतो. धुरकऱ्याच्या (छकडा हाकणाऱ्याच्या) अंगातला सगळा आवेग त्या थांबलेल्या चाकानं गिळलेला असतो. १/५०० वर या. जोडी अजून बरीच स्पष्ट राहील, पण चाक फिरताना दिसेल. नीट पाहिलंत तर वरचे आरे जास्त पुसट आणि जमिनीजवळचे जास्त स्पष्ट दिसतील. लोळणाऱ्या चाकाचा जमिनीला टेकलेला बिंदू त्या क्षणी थांबलेला असतो आणि माथ्याचा बिंदू छकड्याच्या दुप्पट वेगानं पुढे जात असतो, म्हणून.

चाकाचे आरे वाकडे, कमानीसारखे आले तर तुमचा कॅमेरा इलेक्ट्रॉनिक शटरवर आहे. फोनमध्येही हेच होतं. सेन्सर वरून खाली ओळीओळीनं वाचला जातो आणि तेवढ्यात चाक फिरून जातं. कॅमेऱ्यात मेकॅनिकल शटर निवडा; फोनवर याला पर्याय नाही.

पॅनिंग: कॅमेऱ्यानं सोबत धावायचं

वेग दाखवण्याचा मला सगळ्यात आवडणारा मार्ग हा आहे. शटर हळू ठेवायचा, कॅमेरा जोडीबरोबर फिरवायचा. जोडी चौकटीत एकाच जागी राहते, म्हणून स्पष्ट. मागची गर्दी, झेंडे, झाडं आडव्या रेघांत ओढली जातात.

याची सुरुवात पटात करू नका. गावच्या रस्त्यावर संध्याकाळी उभे राहा. पाय खांद्याइतके पसरा आणि वाहन जिथे तुमच्या बरोबर समोर येणार तिकडे बोटं वळवून ठेवा. मग फक्त कंबर मागे वळवून येणाऱ्या सायकलीला चौकटीत पकडा. कोपरं अंगाला चिकटलेली. कंबरेतून सरळ रेषेत वळत राहा, सायकल समोर आली की बटण हलकेच दाबा, आणि दाबल्यावरही वळणं थांबवू नका. बहुतेक फोटो इथेच बिघडतात: बोट दाबलं की हात थबकतो.

सायकलीला १/३०, मोटरसायकलीला १/६०, रमतगमत चाललेल्या बैलगाडीला १/१५. पटाच्या जोडीला १/१२५ पासून सुरू करा, जमलं की १/६०. बैलांचं अंग धावताना वर-खाली होतं, त्यामुळे सगळं अंग कधीच स्पष्ट येणार नाही. डोळा आणि शिंग, किंवा धुरकऱ्याचा चेहरा, एवढं स्पष्ट आलं तर फोटो लागला. लेन्सवर स्टॅबिलायझेशनचा ‘मोड २’ असेल तर तो पॅनिंगसाठीच असतो. पार्श्वभूमी रिकामं आभाळ असेल तर पॅनिंग दिसतच नाही, रेघा पडायला मागे काहीतरी हवं. दहातला एक फोटो साधला तरी चांगलं चाललंय असं समजा.

पावसाळ्यात पाणी

चिखलदऱ्याचे धबधबे, पैनगंगेवरचं सहस्रकुंड. पाणी मऊ रेशमी हवं तर १/४ ते १ सेकंद आणि स्थिर आधार. आभाळ भरून आलेलं असेल तर आयएसओ १०० आणि एफ १६ वर ते जमतं. ऊन असेल तर नाही: तिथे १/१०० चा उजेड आहे आणि तुम्हाला १/२ सेकंद हवा, म्हणजे उजेड पन्नासपट जास्त. त्यासाठी लेन्सपुढे काळी काच लागते. ‘एनडी ६४’ नावाची काच उजेड चौसष्टावा हिस्सा करते, ती इथे बरोबर बसते. पण प्रत्येक धबधबा दुधाळ करू नका. पुराचं गढूळ पाणी १/८ ला चहासारखं सपाट दिसतं. त्याचा दणका १/१००० लाच कळतो.

रात्रीचे दिवे

गावच्या मैदानावरची कबड्डी किंवा पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतलं रात्रीचं नाटक काढताना एक वेगळीच अडचण येते. एक फोटो उजळ, पुढचा अंधारा, तिसऱ्यात आडवे पट्टे. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्‌झ आहे, म्हणून ट्यूबलाइट, हॅलोजन आणि बरेच एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला कळत नाही, १/५०० च्या शटरला कळतं. उपाय १/१०० किंवा १/५०. तेवढ्या काळात दिव्याचा पूर्ण हेलकावा बसतो आणि उजेड सारखा येतो. १/१०० ला धावणारा खेळाडू हलेल, म्हणून वर सांगितलेले थांबे पकडा. काही कॅमेऱ्यांत ‘अँटी-फ्लिकर’ असतं, ते चालू केलं तर जास्त वेगही चालतो.

नाटकात आयएसओ ३२०० पर्यंत बिनधास्त जा. संवाद म्हणताना नट क्षणभर थांबतो, तिथे १/१०० पुरतो.

खंजिरी भजन असेल तर उलट करा. तुकडोजी महाराजांची ही परंपरा गावोगाव अजून जिवंत आहे आणि तिचा फोटो १/१००० ला काढणं म्हणजे खंजिरी मुकी करणं. १/३० ठेवा, फ्लॅश बंद, कॅमेरा मांडीवर किंवा हरभऱ्याच्या पिशवीवर टेकवा. गाणाऱ्याचा चेहरा स्थिर असताना, डोळे मिटले असताना बटण दाबा. चेहरा राहील, बोटं पुसट होतील. बोटं पूर्णच गायब झाली तर १/६० वर या, नुसतीच थोडी हललेली वाटली तर १/१५ वर जा, आणि अशा वेळी एकाऐवजी चार-पाच फोटो घ्या. प्रत्येक फोटोच्या तपशिलात त्याचा शटर स्पीड नोंदलेला असतो. घरी मोठ्या स्क्रीनवर पाहताना तो आकडा उघडून फोटोशेजारी वाचा, आणि काहीही पुसून टाकायचं ते त्यानंतरच.